तीस टक्क्यांचं अल्पमत

वीटभट्टी, नदीअलीकडे
५ मे

उघड्यावर घाम गाळणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो,

डोक्यावर पक्कं छप्पर असलेली माणसं आपल्याला आभाळाविषयी शिकवतात, ही आपली पहिली तक्रार आहे. विटा थापणारे, कपडे वाळवणारे, भिंती रंगवणारे, बाजारात चादर पसरून बसणारे असे आपण सगळे सकाळी आधी वर बघतो. वर बघून काही कळत नाही, म्हणून चौकातल्या फळ्याकडे बघतो. फळ्यावर काय असतं? ‘पावसाची शक्यता तीस टक्के.’ पाऊस येणार का? तीस टक्के. ताडपत्री टाकू का? तीस टक्के. अहो, दारात पाहुणा आला तर आपण ‘या’ म्हणतो, नाहीतर ‘आज जमायचं नाही’ म्हणतो. ‘तीस टक्के या’ असं कुणी म्हणतं का? गेल्या महिन्यात या तीस टक्क्यांनी आपल्या वाळत ठेवलेल्या कच्च्या विटा जिथून आल्या तिथे परत पाठवल्या, म्हणजे चिखलात. आठवडाभर थापलेलं अर्ध्या तासात वाहून गेलं, आणि कार्यालयाने साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही.

चि. पिटुकलीस अनेक आशीर्वाद.

वरचा मजकूर तुला उद्देशून नाही. तो आमच्या निवेदनाचा आरंभ आहे आणि ही तुला माहितीसाठी प्रत. गावातलं हवामान कार्यालय चालू ठेवायचं की बंद करायचं, हा विषय नगरपालिकेने या महिन्याच्या सभेत घेतला आहे. आमचं निवेदन ‘बंद करा’ असं सांगणार आहे. त्या कार्यालयात अंदाज लिहिणारी तू एकटीच आहेस, हे मला माहीत आहे. तू माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहेस, हेही माझ्या लक्षात आहे. पण तत्त्वाच्या आड नातं येऊ देणारा मी नव्हे. तुझ्या वडिलांच्या निरोप समारंभातसुद्धा मी त्यांच्या मालकाविरुद्ध पाऊण तास बोललो होतो.

फोन करू नकोस. वाद चालू असताना मी कार्यालयाशी तोंडी बोलत नाही. आमचा विटांचा टेम्पो रोज पुलावरून पलीकडे येतो. उत्तर ड्रायव्हरजवळ दे.

तुझा मामा
(सभापती, वीट कामगार सहकारी संघ)

ता. क. बाळ, मी मामी. मनाला लावून घेऊ नकोस. दूध नासलं तरी ते असंच बोलतात. तू जेवतेस ना वेळेवर?


हवामान कार्यालय, नदीपलीकडे
७ मे

तीर्थरूप मामांस सादर नमस्कार.

तुमच्या निवेदनाची प्रत मिळाली. आवक क्रमांक घालून फाइलला लावली आहे.

पाहुण्याचं उदाहरण मला आवडलं. पण पाहुणा घरून ठरवून निघतो. ढगाचं तसं नसतं. या दिवसांत ऊन तापतं, जमिनीलगतची दमट हवा गरम होऊन वर जाते, वर गार होते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. चुलीवर पातेलं ठेवलं की दुधाला बुडबुडे येणार, एवढं मी सांगू शकते. पहिला बुडबुडा पातेल्यात नेमका कुठे येईल, ते मला सांगता येत नाही. तुमची भट्टी ही त्या पातेल्यातली एक जागा आहे.

बरं, ढग झाला म्हणजे पाऊस झाला असंही नाही. ढगातले थेंब हवेत तरंगतील इतके बारीक असतात. तसे लाखो एकत्र आले तर त्यातून पावसाचा एक टपोरा थेंब होतो. बहुतेक ढगांना ते जमत नाही. ते दुपारभर फुगतात आणि संध्याकाळी विरून जातात.

तीस टक्के म्हणजे काय, ते लिहिते. आजच्यासारखे दहा दिवस घेतले, तर त्यातल्या साधारण तीन दिवशी तुमच्या विटांवर पाऊस पडेल आणि सात दिवशी नाही. मी फळ्यावर ‘पाऊस नाही’ लिहिलं, तर सात दिवस तुम्ही माझं कौतुक कराल आणि तीन दिवस मी खोटी ठरेन. तीस लिहिलं, तर मी दहाही दिवस खरं बोलते आणि कौतुक एकही दिवस होत नाही. नोकरीचा हा भाग मी स्वीकारलेला आहे.

एक विचारायचं होतं. फळ्यावर तीस वाचल्यानंतर तुम्ही नक्की काय करता? ताडपत्री टाकायची की नाही, हे तुमच्याकडे कोण ठरवतं?

कार्यालय बंद झालं तर माझी बदली मुख्यालयात होईल. गावाला मग तिथून सगळ्या जिल्ह्यासाठी मिळून एकच आकडा येईल. मुख्यालयाच्या वसाहतीत मला चौथ्या मजल्यावरची खोली मिळेल आणि लिफ्ट नाही. आईचे गुडघे तुम्हांला माहीत आहेत. तिला इथे एकटीला ठेवावं लागेल. हे निवेदनाच्या उत्तरात बसत नाही, म्हणून वेगळ्या परिच्छेदात लिहिलं.

मामीला सांगा, जेवते वेळेवर.

तुमची
पिटुकली
(हवामान अधिकारी)


वीटभट्टी
९ मे

चि. पिटुकलीस आशीर्वाद.

कोण ठरवतं म्हणून विचारतेस? लोक ठरवतात!

दुसऱ्या भट्ट्यांवर मुकादम बोट वर करतो आणि माणसं पळतात. आमच्या भट्टीवर मी सभापती झाल्यापासून ही हुकूमशाही बंद आहे. रोज संध्याकाळी कार्यकारिणी बसते. चिटणीस फळ्यावरचा आकडा वाचून दाखवतो. पन्नासच्या वर असेल तर पावसाकडे बहुमत आहे, ताडपत्री टाकायची. पन्नासच्या खाली असेल तर पाऊस अल्पमतात आहे, टाकायची नाही. बरोबर पन्नास असेल तर सभापतीचं निर्णायक मत. ते मी नेहमी उन्हाच्या बाजूने देतो, कारण माणसाच्या भवितव्यावर माझा विश्वास आहे.

आता सांग, शंभरात तीस मतं मिळवणाऱ्याने सत्तेवर यावं का? तीस मतं मिळवून गप घरी बसावं, ही साधी सभ्यता आहे. तुमचा पाऊस अल्पमतात राहून येतो, विटा घेऊन जातो, आणि तू मला सांगतेस की हे दहा दिवसांतून तीनदा व्हायचंच! अगं, मी जगातल्या सगळ्या क्रांत्या वाचून काढल्या आहेत. इतकी उघड दंडेली मला एकाही पुस्तकात भेटली नाही.

रविवारी, १८ तारखेला, दुपारी चार वाजता भट्टीच्या मैदानावर आमची जाहीर सभा आहे. कार्यालय बंद करण्याचा ठराव मी स्वतः मांडणार आहे, आणि तो गुरुवारी २२ तारखेला नगरपालिकेपुढे जाईल. सभासदांनी हात वर केले की नगरपालिका त्याविरुद्ध जाणार नाही, असं नगराध्यक्षांनी मला शब्द देऊन सांगितलं आहे.

रविवारी हवा कशी असेल, ते कृपया कळव. विरोधकाकडून माहिती घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. शिवाय दुसरं कुणी सांगणारं नाही.

तुझ्या आईच्या गुडघ्यांचा परिच्छेद वाचला. तो कार्यकारिणीपुढे ठेवलेला नाही.

तुझा मामा

ता. क. बाळ, तो परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. मग स्वच्छ चष्मा पुन्हा पुसला. – मामी


हवामान कार्यालय
१२ मे

तीर्थरूप मामांस सादर नमस्कार.

रविवार, १८ तारीख, दुपार: पावसाची शक्यता चाळीस टक्के. मेघगर्जनेसह. इतक्या आधीचा आकडा आहे, तेव्हा शनिवारी पुन्हा कळवेन.

हा आकडा लिहिताना मी बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. ऐंशी लिहिलं असतं तर तुमची सभा कदाचित पुढे गेली असती आणि माझी बदली टळली असती. दहा लिहिलं असतं तर लोक निर्धास्त येऊन भिजले असते. पण आकडा चाळीस आहे, म्हणून चाळीस लिहिला.

तुमच्या मतदानाविषयी कळल्यावर आमचे निरीक्षक, म्हणजे रोज सकाळी उपकरणं वाचणारे गृहस्थ, उपकरणांची वही मिटून माझ्याकडे आले. मग म्हणाले, “बाई, पावसाला हे कुणी कळवलंय का?”

मामा, आकडा म्हणजे मतं नव्हेत. ताडपत्री टाकायला काय लागतं? चार माणसांची थोडी धावपळ आणि नंतर ती घडी करायचा कंटाळा. विटा भिजल्या तर काय जातं? सगळ्यांची आठवड्याची मेहनत. एका पारड्यात कंटाळा आहे आणि दुसऱ्यात आठवडा. मग पन्नासची वाट कशाला बघायची? माझ्या मते वीस टक्के असले तरी झाका. दहातल्या आठ वेळा उगाच झाकल्यासारखं वाटेल. ते उगाच नसतं. मत घ्यायचंच असेल तर आपण काय गमवायला तयार आहोत, यावर घ्या.

सभेसाठी भट्टीची मोठी शेड वापरता येईल का?

तुमची
पिटुकली


वीटभट्टी
१४ मे

चि. पिटुकलीस आशीर्वाद.

चाळीस टक्के कार्यकारिणीपुढे ठेवले. पावसाचा पराभव झाला. सभा मैदानावरच होईल. शेडमध्ये सभा घेणं म्हणजे उघड्यावर काम करणाऱ्यांनी छपराखाली जाऊन छप्परवाल्यांचा निषेध करणं. हे माझ्याच्याने होणार नाही.

वीस टक्क्यांना झाकण्याची तुझी सूचनाही फेटाळण्यात आली. चिटणीस म्हणाला, “वीस टक्क्यांना घाबरायचं, तर मग शून्यालाही घाबरू या की!” त्यावर हशा पिकला. कालपासून विटांवर ताडपत्री टाकलेली आहे. ते धूळ फार आहे म्हणून. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही.

तू लिहितेस की बहुतेक ढग फुगतात आणि विरून जातात. मग कुठला विरत नाही? त्याची काही खूण असते का? भाषणात कार्यालयाची खिल्ली उडवण्यासाठी हा तपशील हवा आहे. सविस्तर लिही.

तुझा मामा

ता. क. बाळ, धूळबीळ काही नाही. काल ह्यांनी स्वतः चार माणसं बोलावून ताडपत्री टाकून घेतली आणि त्यांना सांगितलं, “कार्यकारिणीला कळवायची गरज नाही.” दिवसातून चारदा गच्चीवर जातात. काल वाळत घातलेली चादर ह्यांना दिसली नाही, तिच्यातून तोंड वर करून चालत गेले. शेजारीण विचारत होती, विमान येणार आहे का म्हणून. – मामी


हवामान कार्यालय
१७ मे, शनिवार

तीर्थरूप मामांस सादर नमस्कार.

उद्याचा सुधारित अंदाज: चाळीस टक्केच. दुपारनंतर, मेघगर्जनेसह.

खुणा विचारल्यात. तुम्ही त्या कशासाठी वापराल हा तुमचा प्रश्न आहे. मला आजवर कुणी विचारल्या नव्हत्या, म्हणून सविस्तर लिहिते.

ढग रुंदीपेक्षा उंच वाढायला लागला की त्याच्याकडे लक्ष ठेवा. वाढत असताना त्याचा माथा फुलकोबीसारखा दिसतो, कडा अगदी कोरीव. तोवर वेळ असते. मग एका क्षणी माथ्याची कड पुसट होते, पिंजलेल्या कापसासारखी. म्हणजे वर बर्फाचे कण तयार झाले. आता तो ढग पिकला. त्याच्या पोटाखाली पाऊस कधीही सुरू होईल आणि वीज पाऊस येण्याआधीसुद्धा पडू शकते. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही पडू शकते. गडगडाट ऐकू आला की समजायचं, आपण तिच्या टप्प्यात आहोत.

म्हणून एकच मागणं आहे. ठराव जरूर मांडा. कार्यालयाविरुद्ध हवं ते बोला. पण तो माथा पिंजलेला दिसला आणि गडगडाट ऐकू आला, तर भाषण थांबवून सगळ्यांना शेडमध्ये न्या. मैदान मोकळं आहे आणि त्यात सगळ्यांत उंच तुमचा मंच आहे.

तुम्ही भाषण मध्येच थांबवल्याचं मला आठवत नाही. आईलाही आठवत नाही. तरी लिहिते आहे.

तुमची
पिटुकली


वीटभट्टी
१९ मे

हवामान अधिकारी यांस,

रविवारची जाहीर सभा तांत्रिक कारणास्तव तहकूब करण्यात आली. ठराव मांडता आला नाही. माहितीसाठी.

सभापती


१९ मे

बाळ,

ह्यांच्या पाकिटात काय आहे ते मी बघितलं. ‘तांत्रिक कारणास्तव.’ म्हणून हे माझं वेगळं पाकीट. ड्रायव्हरला सांगितलंय, दोन्ही एकदम देऊ नकोस, आधी ते दे, मग हे.

मैदान गच्च भरलं होतं. लोक मंचाकडे तोंड करून, आणि हे लोकांकडे, म्हणजे नदीकडे. तो ढग नदीवरच होता, सगळ्यांच्या पाठीमागे. तेव्हा तो दिसत होता फक्त ह्यांना आणि ह्यांच्या पाण्याचा पेला धरून बाजूला बसलेल्या मला. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन.

भाषण काय रंगलं होतं म्हणून सांगू! तुझ्या विरुद्ध होतं तरी मी दोनदा टाळ्या वाजवल्या. “ज्या कार्यालयाला डोळ्यांसमोरचा पाऊस दिसत नाही,” असं म्हणून ह्यांनी हात वर केला, आणि तो हात तिथेच राहिला. लोकांना वाटलं, आता मोठं वाक्य येणार. मी मान वळवून बघितलं. ढगाचा माथा विस्कटला होता, अगदी तू लिहिलंस तसा. (पत्र मीही वाचते.) चिटणीसाला वाटलं हे वाक्य विसरले. तो खालून कुजबुजला, “बंद करा! बंद करा म्हणा!”

हे म्हणाले, “थांबा.” मग लांबवर गडगडलं.

“सगळ्यांनी शेडमध्ये चला.”

ह्यांनी कार्यकारिणीवर घेतलेला रंगारी पुढेच बसला होता. तो म्हणाला, “सभापती, ऊन आहे हो!”

“दिसतंय मला. उठा.”

चिटणीस उठला तो नियम घेऊनच. “सभापती, सभा हलवायची तर मत घ्यावं लागेल.” आता हा नियम ह्यांचाच. मत घेतलं. मैदानावर थांबायचं म्हणणाऱ्यांचे हात बघितलेस तर जंगल वाटावं. शेडच्या बाजूने मी एकटी. मी दोन्ही हात वर केले होते, त्यातला एक चिटणीसाने बाद केला.

हे त्या हातांकडे बघत राहिले. बाळ, मला वाटलं, आता हा माणूस नियमाप्रमाणे सगळ्यांना घेऊन इथेच उभा राहणार. पण हे म्हणाले, “सूचना नामंजूर. आता शेडमध्ये चला.”

“अहो, पण बहुमत –”

“बहुमताच्या डोक्यावर वीज पडली तर मी कुणाचा सभापती राहू? चला म्हणतो ना! आजीबाईंना आधी घ्या. छत्र्या मिटा. पळा!”

असा आवाज मी ह्यांचा भाषणातही ऐकलेला नाही. लोक उठले. पक्क्या विटांच्या थप्प्यांमध्ये दाटीवाटीने उभे राहिलो. गार वारा सुटला, ताडपत्री फडफडली, मैदानावरची धूळ उठली, मंचावरचा कापडी फलक उडून कुंपणाला अडकला. सगळे वर बघत होते.

आणि काही नाही. एक थेंब नाही. पावसाचा पडदा नदीवरून पलीकडे सरकत गेला, तुमची बाजू पांढरी होताना दिसली. दोन विजाही तिकडेच पडल्या. आमच्याकडे परत ऊन. रंगारी बाहेर गेला, तळहात पसरून उभा राहिला आणि ओरडला, “सभापती, किती टक्के पडला?”

हसून हसून लोकांनी विटांना टेकून घेतलं. चिटणीस म्हणाला, “सभापतींचा अंदाज चुकला. भाचीचा गुण लागला.”

हे विटांच्या थप्पीवर चढले. कान लाल. “चुकला नाही! पाऊस येणारच, असं मी म्हटलं होतं का? आत चला म्हटलं होतं! ढग पिकला होता, गडगडाट कानावर येत होता, एवढी माणसं उघड्यावर बसली होती. मी काय पन्नास टक्क्यांची वाट बघायची? उद्या तसाच ढग दिसला तर उद्याही आत नेईन. उद्याही कोरडे राहिलात तर उद्याही हसा! कोरडं राहून हसता येतं, हे तरी ध्यानात घ्या!”

एकदम शांत झालं. आपण काय बोललो ते ह्यांना त्या शांततेत ऐकू आलं असावं. रंगारी हळूच म्हणाला, “सभापती, गेल्या महिन्यात चौकात मी तुमच्या भाचीशी भांडलो होतो, तेव्हा ती हेच म्हणत होती.”

हे खाली उतरले आणि माझ्याकडे पाणी मागितलं. ठराव मांडलाच नाही. गुरुवारच्या सभेला काय सांगणार, ते कुणी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही.

काल संध्याकाळपासून तुझी सगळी पत्रं टेबलावर पसरून पेन्सिल घेऊन बसलेत. अंडरलाइन करतायत की खोडतायत, ते लांबून दिसत नाही.

– मामी


हवामान कार्यालय
२० मे

तीर्थरूप मामांस सादर नमस्कार.

रविवारी तुम्ही केलंत ते बरोबर होतं. इकडे दोन विजा पडल्या, त्यातली एक शाळेच्या ध्वजस्तंभावर. शाळेचं मैदान रिकामं होतं. मी अभिनंदन करते. आम्हांला ते सहसा कुणी करत नाही, त्यामुळे मला नीट जमलं नसेल तर सांभाळून घ्या.

आता एक गोष्ट सांगते. ती मला तुमच्या पहिल्याच पत्रानंतर कळली आणि तेव्हापासून टोचते आहे.

गावातला पाऊस मोजायचं भांडं एकच आहे आणि ते आमच्या कार्यालयाच्या आवारात, नदीच्या या बाजूला आहे. रविवारी त्यात भरपूर पाणी जमलं. म्हणून कागदोपत्री रविवारी गावात जोरदार पाऊस झाला आणि तुमची सभा भिजली. गेल्या महिन्यात तुमच्या विटा वाहून गेल्या त्या दिवशी आमचं भांडं कोरडं होतं. म्हणून कागदोपत्री तो पाऊस झालाच नाही. दिलगिरी कशी व्यक्त करणार? तुमच्या विटा भिजल्या हे मला तुमच्या निवेदनातून कळलं.

मुख्यालय म्हणतं, एका भांड्यासाठी कार्यालय कशाला? त्यांच्या बाजूने ते बरोबर आहे. नदीच्या तुमच्या बाजूच्या आभाळाबद्दल आम्हांला काहीच माहीत नाही आणि ज्याबद्दल काही माहीत नाही, तिथला अंदाज सुधारता येत नाही. पाऊस मोजायला महागडं काही लागत नाही. सपाट बुडाचा, सरळ भिंतींचा डबा, झाडापासून आणि घरापासून दूर ठेवलेला, आणि शाळकरी मुलांची पट्टी. पण असे डबे बरेच लागतात, आणि रोज सकाळी कुणीतरी सांगावं लागतं. पाऊस नसेल तेव्हाही.

हे मी मागत नाही. निवेदनाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आईने सामान बांधू का म्हणून विचारलं. मी तिला गुरुवारनंतर सांगते म्हटलं.

गुरुवार, २२ तारीख: वीस टक्के.

तुमची
पिटुकली


वीटभट्टी
२१ मे

चि. पिटुकलीस अनेक आशीर्वाद.

हे माफीपत्र नाही. तुझ्या तीस टक्क्यांवर माझा राग आहे आणि तो राहील. दहातले तीन दिवस कुठले, ते सांगता येत नाही हे मला समजलं आहे, पटलेलं नाही. ठराव मात्र बदलला आहे. कार्यकारिणीत रंगाऱ्याने अनुमोदन दिलं. चिटणीस तटस्थ राहिला, पण घरी जाताना त्याने मला विचारलं, चुन्याचा डबा चालेल का.

आईला सांग, सामान बांधू नको. हा अंदाज नाही. हे मी सांगतो आहे.

खालचं पत्रक आज भट्टीवर, कपडे वाळवायच्या मैदानावर आणि बाजारात वाटलं. तुला माहितीसाठी प्रत.

तुझा मामा


उघड्यावर घाम गाळणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो,

आपल्या डोक्यावर आजवर इतका पाऊस पडला आणि तो कुणी मोजला नाही! गेल्या महिन्यात आपल्या विटा चिखल झाल्या. त्या दिवशी कागदावर काय आहे? कोरडं. रविवारी आपण शेडमध्ये कोरडे उभे राहून एका सज्जन माणसाला हसलो. त्या दिवशी कागदावर काय आहे? मुसळधार. या गावाच्या कागदात नदीअलीकडे आभाळच नाही! आणि ही चूक सुधारायची सोडून आपण काय मागायला निघालो होतो? जे एक भांडं आहे तेही उचला, जी एक बाई वर बघून खरं बोलते तिलाही पाठवून द्या, आणि सगळ्या जिल्ह्याला मिळून एक आकडा द्या! मी स्वतः हे मागायला निघालो होतो, आणि चांगल्या आवाजात निघालो होतो.

आपली मागणी आता अशी आहे: कार्यालय इथेच राहील आणि आपण त्याचे डोळे होऊ. नगरपालिका विचारेल, तुमच्याकडे मोजायला काय आहे? त्याचं उत्तर तोंडाने द्यायचं नाही. भाषण मी करणार नाही, हे कार्यकारिणीने माझ्याकडून लिहून घेतलं आहे.

आज संध्याकाळी सरळ भिंतींचा एक डबा आपल्या आवारात उघड्यावर ठेवा. उद्या, गुरुवारी, सकाळी दहा वाजता तो जसा असेल तसा हातात धरून नगरपालिकेच्या पायऱ्यांवर या. पाणी असेल तर न सांडता आणा. रिकामा असेल तर रिकामा आणा. आपल्याकडे पाऊस पडला नाही, ही बातमीसुद्धा आजवर या गावात कुणी सांगितलेली नाही.

उद्याचा अंदाज वीस टक्के आहे. त्यावर मतदान होणार नाही. विटा झाकलेल्या आहेत.

डबा घेऊन या.